अंतर्गत समितीचा अहवाल पाच जणांनी मिळून लिहायचाय, पण ऑफिसच्या गूगल डॉक्सवर नको. मग कुठे?

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी. मी एका शिक्षणसंस्थेत नोकरी करते. संस्थेचं आणि जिल्ह्याचं नाव मुद्दाम देत नाहीये. आमच्या अंतर्गत समितीची मी पीठासीन अधिकारी, म्हणजे प्रमुख, आहे. पॉश कायद्याखाली, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याखाली, एक तक्रार आली आहे आणि चौकशी सुरू आहे. समितीत आम्ही पाच जण आहोत: मी, कर्मचाऱ्यांमधले तिघे आणि बाहेरच्या सदस्य म्हणून एका महिला संघटनेच्या ताई. ताई दुसऱ्या तालुक्यात राहतात आणि एक सर सुट्टी लागली की गावी जातात. सुनावणीला सगळे येतात, पण रोजनामा लिहिणं, जबाब पुन्हा पुन्हा वाचून निष्कर्षाचा मसुदा करणं यासाठी दर वेळी एकत्र बसणं होत नाही.

संस्थेनं सगळ्यांना गूगलची खाती दिली आहेत. ती खाती सांभाळणारा संगणक विभागातला माणूस प्रतिवादीच्या रोजच्या उठबशीतला आहे. त्यानं काही केलंय असं माझं म्हणणं नाही. पण तक्रारदार कंत्राटी नोकरीतली मुलगी आहे, आणि पहिल्याच बैठकीत ती म्हणाली, "मॅडम, हे सगळं कंप्युटरवर टाकणार असाल तर कुणाकुणाला दिसेल ते मला आधी सांगा." मी तिच्याकडून दोन दिवस मागून घेतले आहेत. तिला जे सांगेन ते खरं असायला हवं.

क्रिप्टपॅड या ऑनलाइन एकत्र लिहायच्या साधनाचं नाव ऐकलंय. एन्क्रिप्टेड, म्हणजे मजकूर कुलूपबंद असतो, चालवणाऱ्या कंपनीलासुद्धा मजकूर दिसत नाही म्हणतात. हे खरं आहे का? मराठी टायपिंग नीट होतं का? आमच्यातले दोघं सगळं मोबाईलवरच करतात, त्यांना जमेल का? आणि कायद्याच्या दृष्टीनं यात काही अडचण नाही ना?

सह्याद्री_वारा:

एवढं लांब जायची गरज नाही असं वाटतं. पाचही जणांनी आपापल्या खासगी जीमेलवरून गूगल डॉक उघडा. संस्थेच्या अ‍ॅडमिनचे अधिकार संस्थेच्या खात्यांपुरतेच असतात, तुमच्या खासगी खात्यात तो शिरू शकत नाही. सगळ्यांना वापर माहीत आहे, मोबाईलवर उत्तम चालतं, मराठीची अडचण नाही.

घाटमाथा:

कृष्णाकाठताई, मी काही संस्थांच्या समित्यांवर बाहेरची सदस्य आहे. त्याआधी बरीच वर्षं एका समुपदेशन केंद्रात केसच्या नोंदी ठेवायचं काम केलं. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

त्या मुलीनं विचारलेला प्रश्नच सगळ्यात महत्त्वाचा आहे. कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं हे नंतर बघू. आधी एक कागद घ्या आणि हा मजकूर कायद्यानं कुणाकुणाला दिसायलाच हवा त्यांची यादी करा. तुम्ही पाच जण. तक्रारीची एक प्रत ७ कामाच्या दिवसांत प्रतिवादीला द्यावी लागते, म्हणजे तक्रार त्याला दिसणार. निष्कर्ष दोन्ही बाजूंना दाखवून त्यांचं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. चौकशी संपली की १० दिवसांत अहवाल मालकाकडे, म्हणजे तुमच्या संस्थेच्या व्यवस्थापनाकडे, आणि दोन्ही पक्षांकडे जातो. पुढे कुणी अपील केलं तर तिथेही जाईल. यादी इथे संपते. संगणक विभाग त्यात नाही, प्राचार्यांच्या केबिनबाहेरचा क्लार्क नाही, तुमच्यापैकी कुणाच्या घरचा माणूसही नाही. कलम १६ नं गुप्तता फक्त तक्रारदाराला दिलेली नाही. प्रतिवादी आणि साक्षीदार यांची नावं, पत्ते, चौकशीतलं कामकाज, शिफारसी, हे सगळं त्यात येतं.

आता साधन असं निवडायचं की ही यादी खरी ठरेल.

सह्याद्री_वारा म्हणतात तो मार्ग ऑफिसच्या खात्यापेक्षा नक्कीच बरा. संस्थेच्या गूगल खात्यांचा मुख्य अ‍ॅडमिन कुणाचाही पासवर्ड बदलू शकतो, फाइलची मालकी दुसऱ्याकडे वळवू शकतो, त्यामुळे तिथे लिहायचं नाही हा ताईंचा निर्णय अगदी बरोबर आहे. पण खासगी जीमेलमध्येही गूगलच्या सर्व्हरला मजकूर वाचता येतो. जाता-येता आणि साठवताना तो कुलूपबंद असतो हे खरं, पण किल्ली गूगलकडेच असते. आणि माझ्या अनुभवात त्याहून मोठी अडचण म्हणजे तेच खासगी खातं लोकांनी ऑफिसच्या संगणकावर लॉग-इन करून ठेवलेलं असतं, दुपारी जेवायला जाताना तसंच उघडं.

क्रिप्टपॅडमध्ये वेगळं काय होतं ते सांगते. हे फ्रान्समधल्या एक्सविकी कंपनीनं बनवलेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे. तुम्ही टाइप केलेलं तुमच्याच ब्राउझरमध्ये एन्क्रिप्ट होतं आणि मगच सर्व्हरकडे जातं. सर्व्हरवर नुसती अगम्य अक्षरं साठतात. किल्ली असते दस्तऐवजाच्या लिंकमध्ये, हॅश चिन्हाच्या (#) पुढे दिसणाऱ्या लांबलचक भागात. पत्त्यातला हॅशच्या पुढचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही, वेबची रचनाच तशी आहे. म्हणून चालवणाऱ्यालाही वाचता येत नाही, हे तुम्ही ऐकलंत ते खरं. कोणत्या आयपी पत्त्यावरून कुणीतरी कधी आलं, फाइल केवढी आहे, एवढं त्यांना कळतं. मजकूर कळत नाही.

पण याचा दुसरा अर्थ नीट समजून घ्या. लिंक हीच किल्ली. समितीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती टाकलीत की ती पाच फोनांत राहिली, त्या फोनांच्या बॅकअपमध्ये गेली, आणि बॅकअपला एन्क्रिप्शन वेगळं चालू करावं लागतं, ते बहुतेकांनी केलेलं नसतं. दुसरी जागा ब्राउझरची हिस्टरी. कुणी संस्थेच्या गूगल खात्यानं क्रोममध्ये साइन-इन केलं असेल आणि सिंक, म्हणजे हिस्टरी आपोआप खात्यात साठवणं, चालू असेल, तर किल्लीसकट अख्खी लिंक त्या खात्यात जाऊन बसते. ज्या खात्यापासून लांब पळालो, त्याच खात्यात.

म्हणून माझ्या समित्यांमध्ये मी आग्रह धरते की पाहुणा म्हणून लिंकवरून लिहायचं नाही. पाचही जणांनी क्रिप्टपॅडवर स्वतःचं खातं उघडायचं. ईमेल द्यावा लागत नाही, फोन नंबर लागत नाही. मुख्य सर्व्हरवर फुकट खात्याला १ जीबी जागा मिळते, आपल्या कामाला ती भरपूर. मग एकमेकांना कॉन्टॅक्ट म्हणून जोडून घ्या आणि दस्तऐवज कॉन्टॅक्टमार्फतच द्या, म्हणजे किल्ली क्रिप्टपॅडच्या आतल्या आत, एन्क्रिप्ट होऊन जाते. लिंक बाहेर कुठेही चिकटवावी लागत नाही. टीम नावाची सोय आहे, त्यात पाच जणांचा एक सामाईक ड्राइव्ह होतो. शिवाय दस्तऐवजाच्या अ‍ॅक्सेसमध्ये जाऊन यादी लावा. ती लावली की लिंक हाती लागली तरी यादीबाहेरच्या माणसाला पान उघडत नाही. सेटिंग्जमध्ये सेफ लिंक्स चालू आहे ना, तेही प्रत्येकानं बघून घ्या. त्यामुळे किल्ली ब्राउझरच्या हिस्टरीत जात नाही.

एक गोष्ट जवळजवळ सगळे विसरतात: हिस्टरी. क्रिप्टपॅड दस्तऐवजाचा इतिहास जपून ठेवतं. समजा रोजनाम्यात कुणी साक्षीदाराचं खरं नाव लिहिलं आणि लगेच खोडून "सा-२" केलं. पानावर ते नाव दिसत नाही, पण हिस्टरी उघडून मागे सरकवत नेली की अक्षर न् अक्षर परत येतं. त्यामुळे पहिल्या ओळीपासून संकेतच वापरा: "त" म्हणजे तक्रारदार, "प्र" म्हणजे प्रतिवादी, "सा-१", "सा-२" साक्षीदार. कोणता संकेत कुणाचा, ते एका कागदावर हातानं लिहून पीठासीन अधिकाऱ्याच्या कुलपात. विभागाचं नाव, हुद्दा, गाडीचा रंग असले तपशीलही माणूस ओळखू येईल इतके मसुद्यात नकोत. ते सहीच्या छापील प्रतीत येतील. तरी काही राहिलंच तर मेक अ कॉपी करून नवी प्रत काढा, तिला जुना इतिहास नसतो. मग दस्तऐवजाच्या मालकानं जुनी नष्ट करायची.

मुदतीकडे लक्ष ठेवा. पाहुण्यानं केलेला दस्तऐवज ९० दिवस कुणी उघडला नाही तर सर्व्हरवरून काढून टाकला जातो. आपल्या चौकशीचीही मुदत ९० दिवसांची आणि शिफारशींवर अपील करायचीही ९० दिवसांची. एखादा जबाब पहिल्या आठवड्यात लिहून बाजूला ठेवला आणि अपिलाच्या वेळी शोधायला गेलात तर तो गेलेला असेल. खातं असलं, दस्तऐवज तुमच्या ड्राइव्हमध्ये ठेवला की हा प्रश्न येत नाही. आणि आपोआप नष्ट होण्याची जी सोय आहे ती या कामात अजिबात वापरू नका. हा पुरावा आहे. तो जपायचाय.

आता शेवटी त्या मुलीला काय सांगायचं. मी असं सांगेन: "तुझी तक्रार आम्ही पाच जण वाचणार. कायद्याप्रमाणे तक्रारीची प्रत त्याला द्यावी लागेल, तुझा अहवाल व्यवस्थापनाकडे जाईल. संगणक विभागाला यातलं काही दिसणार नाही, ऑफिसच्या यंत्रावर आम्ही ते उघडणारच नाही." यातलं दुसरं वाक्य तिला आवडणार नाही. तरीही तेच आधी सांगा. प्रत त्याच्या हातात गेल्यावर तिला कळलं तर ती पुढच्या तारखेला येणारच नाही. असं होताना मी पाहिलंय.

लिनक्सवाला_नाशिक:

घाटमाथाताईंनी मुद्देसूद लिहिलंय. तांत्रिक बाजूनं थोडी भर घालतो.

ब्राउझरमधल्या एन्क्रिप्शनला एक मर्यादा असते. एन्क्रिप्ट करणारा कोड दर वेळी त्याच सर्व्हरकडून येतो. त्या सर्व्हरवर ताबा मिळवून कुणी कोड बदलला तर किल्ली चोरता येऊ शकते. क्रिप्टपॅडचा कोड खुला आहे, एजीपीएल परवान्याखाली, त्यामुळे कुणीही तपासू शकतो आणि स्वतःच्या सर्व्हरवरही बसवू शकतो. ताई, कुणी उत्साहानं म्हणालं की "आपल्या संस्थेच्याच सर्व्हरवर बसवू या", तर ठाम नाही म्हणा. मग तो सर्व्हर पुन्हा त्याच माणसाच्या हातात. तुमच्या बाबतीत दूरचा, अनोळखी सर्व्हर जास्त सुरक्षित.

दुसरा पर्याय प्रोटॉन डॉक्स. स्वित्झर्लंडच्या प्रोटॉननं जुलै २०२४ मध्ये सुरू केलं. तेही एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे चालवणाऱ्याला मजकूर वाचता येत नाही, एकाच वेळी अनेकांना लिहिता येतं, वापरायला गूगल डॉक्सच्या बरंच जवळ. पाचही जणांकडे आधीच प्रोटॉन मेल असेल तर ते सोपं पडेल. इथरपॅडचं नाव कुणी सुचवेल, एकत्र लिहायला ते साधनही चांगलं आहे, पण त्यात मजकूर सर्व्हरला दिसतो. या कामाला ते नको.

आणि कुठलंही घ्या, दर बैठकीनंतर एक प्रत उतरवून घ्या. स्किफ नावाची अशीच एन्क्रिप्टेड सेवा होती, लोक तिच्यावर मेल आणि डॉक्युमेंट ठेवत होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये नोशन कंपनीनं ती विकत घेतली आणि ऑगस्टमध्ये ती बंद झाली. सहा महिन्यांत सगळ्यांना आपला पसारा हलवावा लागला. उतरवलेली प्रत लिबर ऑफिसमध्ये पासवर्ड लावून सेव्ह करा. सेव्ह अ‍ॅजमध्ये "सेव्ह विथ पासवर्ड" अशी खूण असते. मग पेनड्राइव्हवर ठेवून कुलपात.

मोगरा_पुणे:

मला हे सगळं जास्त गुंतागुंतीचं वाटतंय. मी एका मोठ्या कंपनीच्या समितीवर होते. आम्ही ऑनलाइन काहीच ठेवलं नाही. एक लॅपटॉप, त्यावर पासवर्ड लावलेली फाइल, आणि लिहायचं असेल तेव्हा सगळ्यांनी एका खोलीत बसायचं. पाच जणांना नवीन साधन शिकवताना कुणीतरी चुकणारच. जमत असेल तर तारखा वाढवा पण एकत्र बसा.

घाटमाथा:

मोगराताई, जिथे पाचही जण एका इमारतीत आहेत तिथे तुमची पद्धत सगळ्यात चांगली, मी स्वतः तीच सुचवते. पण तालुक्याच्या ठिकाणी बाहेरच्या सदस्याला एसटीनं दीड-दोन तास यावं लागतं. तिला दर वेळी बोलावता येत नाही म्हणून मग काय होतं, तर आतले तिघं-चौघं मसुदा करून टाकतात आणि ती नुसती सही करायला येते. बाहेरचा सदस्य ठेवलाय तो संस्थेच्या दबावाबाहेरचा एक तरी आवाज असावा म्हणून. मसुद्यात तिचा शब्द पडायला हवा, त्यासाठी एवढं शिकणं मला पटतं. सुनावणी मात्र समोरासमोरच, आणि पीठासीन अधिकारी धरून किमान तीन सदस्य हजर हवेत, ते ऑनलाइन मसुद्यानं भागत नाही.

दुसरं, एकत्र बसून लिहिलेली फाइलही नंतर फिरतेच. एका समितीत (संस्था सांगणार नाही) ईमेलवरून मसुदे फिरत होते. "अहवाल अंतिम", "अहवाल अंतिम दुरुस्त", "अहवाल अंतिम २". त्यातला एक ऑफिसच्या संगणकाच्या डाउनलोड्समध्ये पडून राहिला आणि पाळीत नंतर बसणाऱ्या माणसानं वाचला. दुसऱ्या दिवशी साक्षीदाराला कॅन्टीनमध्ये टोमणे सुरू. एकाच जागी एकच मसुदा असण्याचा फायदा मला तिथे कळला.

कृष्णाकाठ:

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री घरच्या लॅपटॉपवर खातं उघडून पाहिलं. रिच टेक्स्ट या तिथल्या साध्या लिहायच्या पानात मराठी व्यवस्थित टाइप होतंय. खातं करताना "माझं नाव आणि पासवर्ड मी लिहून ठेवला आहे" अशा अर्थाचं कबूल करायला लावतं. इतकं काय त्यात? विसरलं तर बदलता येत नाही का?

अजून एक. आमच्या सरांना टाइप करणं अवघड जातं, ते फोनवर बोलून मराठीत लिहितात. आणि बाहेरच्या ताई म्हणाल्या, एक जबाब इंग्रजीत आलाय, तो क्रोममध्ये ट्रान्सलेट करून वाचते. हे चालेल ना?

लिनक्सवाला_नाशिक:

पासवर्ड विसरला तर खरंच परत मिळत नाही. तुमचं नाव आणि पासवर्ड यांच्यापासूनच ब्राउझरमध्ये किल्ली तयार होते, पासवर्ड सर्व्हरकडे जातच नाही. त्यामुळे "पासवर्ड विसरलात?" असं बटणच तिथे नाही. दस्तऐवजाचे मालक म्हणून किमान दोघींची नावं ठेवा, म्हणजे एकीचा पासवर्ड हरवला तरी काम अडणार नाही.

ट्रान्सलेट आणि बोलून टाइप करणं, दोन्ही थांबवा. क्रोमचं "या पानाचं भाषांतर करा" दाबलं की पानावरचा मजकूर भाषांतरासाठी गूगलच्या सर्व्हरकडे जातो. एन्क्रिप्शन उलगडून तुमच्या पडद्यावर आलेलाच मजकूर तो उचलतो, त्यामुळे क्रिप्टपॅड त्यात काही करू शकत नाही. फोनवर बोलून टाइप करतानाही आवाज बहुधा सर्व्हरकडे जाऊनच त्याची अक्षरं होतात. व्याकरण तपासणारी एक्स्टेन्शन्स असतील तर तीही त्या ब्राउझरमधून काढा. सगळ्यात सोपं म्हणजे या कामासाठी फायरफॉक्स वेगळा टाकून घ्या, त्यात एकही एक्स्टेन्शन नको.

आणि ऑफिसच्या यंत्रावर उघडायचं नाही हे पुन्हा सांगतो. दुरून दुरुस्तीसाठी एनीडेस्कसारखं काही टाकलेलं असेल तर तुमचा पडदा संगणक विभागातूनच दिसतो.

घाटमाथा:

सरांचं असं करा. त्यांनी आपलं मत फोनवर तुम्हाला सांगावं, तुम्ही त्यांच्या नावानं टिप्पणी लिहावी आणि पुढच्या बैठकीत त्यांनी वाचून सही करावी. मोबाईलवर रिच टेक्स्ट वाचायला बरं पडतं, लिहायला कंटाळवाणं. स्प्रेडशीट तर फोनवर उघडूच नका, तारखांचा तक्ता हवा असेल तर साध्या पानातच करा. इंग्रजी जबाब समितीतल्याच कुणीतरी मराठीत सांगावा. भाषांतर बाहेर करून घेतलंत तर तो माणूस तुमच्या यादीत वाढतो, आणि तक्रारदाराला तसं कळवावं लागेल.

कायद्याबद्दल विचारलं होतंत ते राहिलं. असं साधन वापरायला बंदी नाही. कायद्याला मसुदा कुठे लिहिला याच्याशी घेणंदेणं नाही, सहीची प्रत आणि मुदत यांच्याशी आहे. फक्त येत्या बैठकीच्या रोजनाम्यात एक ठराव घाला: मसुदा कुठे ठेवला जाईल, कुणाला बघता येईल, मालक कोण दोघी, आणि अहवाल दिल्यावर ऑनलाइन प्रत कधी नष्ट करायची. मी अपिलाची मुदत संपून आणखी काही आठवडे जाईपर्यंत ठेवते, तोवर छापील सही केलेला संच दोन पाकिटांत सीलबंद असतो, एक पीठासीन अधिकाऱ्याकडे, एक व्यवस्थापनाकडे. छपाई ऑफिसच्या प्रिंटरवर नको. नेटवर्कवरच्या मोठ्या प्रिंटरांमध्ये छापलेल्या कामाची नोंद राहते, कधी फाइलही राहते. घरचा साधा प्रिंटर, यूएसबीनं जोडलेला, पुरतो.

कृष्णाकाठ:

ठराव आजच लिहिते आहे. मालक म्हणून मी आणि बाहेरच्या ताई. उद्या सकाळी त्या मुलीला भेटतेय, यादी कागदावर लिहूनच नेते, प्रतिवादीला प्रत जाणार हे सगळ्यात वर. प्रिंटर माझ्या भावाकडे आहे, तो घरी घेऊन येईन, छापताना घरात मी एकटी असेन अशी वेळ बघते.